दिल्ली-आग्रा, सात माणसं आणि सासूबाईंचे गुडघे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरहून सात जण. सासूबाई-सासरे सत्तरीच्या पुढे, सासूबाईंचे गुडघे दुखतात, सासऱ्यांना दम्याचा त्रास. तुम्ही दोघं, नणंद, मुलगी पाचवीत, मुलगा पहिलीत. प्रवास धरून आठ दिवस. दिवाळीत जावं की नाताळात? एका टूरवाल्यानं दिलेल्या यादीत तीन दिवसांत बावीस ठिकाणं आहेत, ती बरोबर आहे का? आणि सासूबाई म्हणताहेत, "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळते."

मी बावीस वर्षं मराठी कुटुंबांना घेऊन दिल्ली-आग्रा करते आहे. आधी दुसऱ्यांच्या कंपनीत टूर मॅनेजर होते, आता दहा-बारा माणसांचे छोटे गट स्वतः नेते. सासूबाईंचं उत्तर शेवटी देते, कारण सगळा कार्यक्रम त्यांच्यावरच बेतायचा आहे.

आधी त्या यादीचं. बावीस ठिकाणं होतात, नाही असं नाही. पण त्यातली चौदा बसच्या खिडकीतून होतात. "उजवीकडे पाहा, सुप्रीम कोर्ट. डावीकडे पुराना किल्ला." मीही हे केलंय, माईक हातात धरून. संध्याकाळी मुलांना विचारलं की आज काय पाहिलं, तर ती सांगायची, "माकड." माझा आता एकच नियम आहे: दिवसाला एक मोठं ठिकाण, तेही सकाळी. दुपारी जेवण आणि दोन तास आडवं होणं. संध्याकाळी काहीतरी असं, जिथं बसायला मिळतं. बरोबर सहा वर्षांचं पोर आणि सत्तरीची माणसं असली की दोघांचं घड्याळ एकच असतं. अकरा वाजता भूक, दोन वाजता झोप. अडचण येते ती मधल्या वयाच्या, पैसे वसूल करू पाहणाऱ्या माणसांची.

आता कधी जायचं. दिवाळीत नका जाऊ. पंजाब-हरियाणात भाताची कापणी झाली की शेतातला पेंढा जाळतात, तिकडे त्याला पराली म्हणतात. त्यात फटाके, गाड्या, आणि वारा पडलेला. हवा जमिनीलगत कोंडून बसते. सकाळी इंडिया गेटसमोर उभं राहिलं तर समोरचा रस्ताच धूसर दिसतो. दमेकरी माणसाला त्या हवेत नेणं हे सहल म्हणून मला पटत नाही. नाताळात हवा फार सुधारलेली नसते, शिवाय धुकं. गाड्या पाच-पाच, सहा-सहा तास उशिरा धावतात आणि ताजमहालाच्या दारात उभं राहून ताज दिसत नाही. एकदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या गटानं दीड तास धुक्याकडे बघत काढला. शेवटी घुमटाचा अर्धा भाग दिसला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या.

माझं ऐकाल तर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या तयारीमुळे कर्तव्यपथावर सारखे रस्ते बंद असतात आणि लाल किल्लाही काही दिवस बंद ठेवतात. फेब्रुवारीत हे सगळं आटोपलेलं असतं, थंडी सोसण्याइतकी उरते आणि राष्ट्रपती भवनाची बाग, म्हणजे अमृत उद्यान, लोकांसाठी उघडलेली असते. शाळेचं म्हणाल तर पाचवी आणि पहिली. आठवडाभर शाळा बुडाली तर काही आभाळ कोसळत नाही. बाईंना आधी सांगा. बहुतेक बाई खूश होतात आणि "आल्यावर वर्गात सांग" म्हणून मुलीला कामही लावतात. सासऱ्यांच्या डॉक्टरांना मात्र तारखा नक्की करण्याआधी विचारा, आणि पंप हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीतल्या बॅगेत नको.

तारखा ठरवताना दोन वार डोक्यात पक्के करा. ताजमहाल शुक्रवारी बंद. लाल किल्ला सोमवारी बंद. सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय, रेल्वे संग्रहालय, प्रधानमंत्री संग्रहालय, अमृत उद्यान, अक्षरधाम, कमळ मंदिर, सगळीच दारं लावलेली असतात. कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर मात्र रोज उघडी. हे मी कुठल्या पुस्तकात वाचून शिकले नाही. २००४ साली अठ्ठावीस माणसं घेऊन मी सोमवारी सकाळी लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्यासमोर उभी होते. एका आजोबांनी विचारलं, "बाई, हा दरवाजा असाच बघायचा असतो का?" त्या दिवसापासून मी कॅलेंडरवर आधी सोमवार आणि शुक्रवार लाल पेनानं खोडते आणि मग तिकिटं काढते.

तुम्हा सोलापूरकरांना एक मोठी सोय आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कर्नाटक एक्सप्रेस. सकाळी सोलापुरात बसलं की दौंड, मनमाड, भुसावळ, भोपाळ, ग्वाल्हेर करत दुसऱ्या दिवशी सकाळी आग्रा कँट. दिल्ली अजून पुढे आहे. लोक दिल्लीला उतरतात आणि मग ताज बघायला पुन्हा उलटे आग्र्याला येतात. जाऊन-येऊन चारशे किलोमीटरचा प्रवास, तोही एका दिवसात. तुम्ही जाताना आग्र्यालाच उतरा. अचूक वेळ तिकीट काढताना बघून घ्या.

तिकिटाचंही ऐका. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं. सातही जणांचं एकत्र तिकीट काढू नका. सासू-सासऱ्यांचं दोघांचं वेगळं काढा, ज्येष्ठांच्या लोअर बर्थच्या कोट्यात. तो कोटा एका तिकिटावर एक किंवा दोनच ज्येष्ठ असले तरच लागतो. पाच जणांमध्ये मिसळलात की गेला. मग सासूबाईंना वरचा बर्थ येतो आणि तुमचा नवरा रात्री नऊ वाजता डबाभर फिरून "काका, जरा बदलून घेता का" करत बसतो.

म्हणजे असं होईल: मंगळवारी सोलापूर सोडायचं, बुधवारी सकाळी आग्रा. खोलीवर जाऊन आंघोळ, जेवण, झोप. तीनच्या सुमारास आग्र्याचा किल्ला. हा मी मुद्दाम ताजच्या आधी घेते.

किल्ल्याबाहेर घोड्यावरच्या शिवाजी महाराजांचा पुतळा आहे. आत जायचं ते अमरसिंह दरवाज्यातून. तिथला चढ दगडी आणि खडबडीत आहे, सासूबाईंच्या गुडघ्यांना तो झेपणार नाही. व्हीलचेअर घ्या आणि ढकलायला घरातला एक दणकट माणूस नेमा. आत गेल्यावर मुलीला आधी वर्ष सांगा: १६६६. त्या वर्षी जानेवारीत शाहजहान याच किल्ल्यात, मुलाच्या कैदेत वारला. १६५८ पासून तो इथं होता. यमुनेच्या बाजूचा मुसम्मन बुरुज दाखवतात, तिथून ताज दिसतो. आणि तो गेल्यावर चारच महिन्यांनी, १२ मे रोजी, औरंगजेबाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या दरबारात महाराज उभे होते. बरोबर संभाजीराजे. त्यांचा जन्म १४ मे १६५७ चा, म्हणजे दरबाराच्या दिवशी नऊ पूर्ण व्हायला दोन दिवस कमी. पाचवीतल्या मुलीला हे सांगितलं की ती एकदम गप्प होते. आपल्याहून लहान मुलगा, घरापासून इतक्या लांब, शत्रूच्या दरबारात. १७ ऑगस्टच्या सुटकेची गोष्ट तिला चौथीपासून पाठ असते, पण तो मुलगा आपल्या भावाएवढा-आपल्याएवढा होता हे तिथं उभं राहिल्यावर कळतं.

गाईड घेणार असाल तर सरकारी परवान्याचं ओळखपत्र गळ्यात असलेला घ्या. दरवाज्यापाशी मागे लागणाऱ्यांतले निम्मे तुम्हाला पेठ्याच्या नाहीतर संगमरवराच्या दुकानात नेण्यासाठीच असतात. "सरकारी एम्पोरियम आहे, फक्त बघा" हे वाक्य ऐकलं की समजायचं, दीड तास गेला.

गुरुवारी पहाटे ताज. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी दार उघडतं. तिकीट आदल्या रात्री ऑनलाइन काढून ठेवा. भारतीयांना ५० रुपये, आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं असेल तर वर २०० रुपये. पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. सासूबाईंना चौथऱ्यावर जायचंच आहे का, हे आधी विचारा. वर पायऱ्या आहेत. पुष्कळ आजींना खालच्या बागेतल्या बाकावर बसून बघणं जास्त आवडतं, आणि खरं सांगू का, ताज तिथूनच चांगला दिसतो. गाड्या जवळपर्यंत जात नाहीत. पूर्व दरवाज्याकडे शिल्पग्रामला उतरून बॅटरीवरच्या गाडीनं पुढे. पिशवीत खायचं काही नको, सुरक्षेवाले काढून ठेवायला लावतात. पाण्याची बाटली चालते. मुलाचं पोट आधी भरा.

मुलांना तिथं काम द्या, नाहीतर ती पाच मिनिटांत कंटाळतात. मी दोन कोडी घालते. पहिलं: इथं सगळं डावं-उजवं सारखं आहे, सारखी नसलेली एकच गोष्ट शोधा. उत्तर आत आहे. मुमताजची कबर बरोबर मध्यावर आणि शाहजहानची नंतर शेजारी बसवलेली, एका बाजूला. ती कबरही नुसती वरची खूण. खऱ्या कबरी खाली तळघरात. दुसरं: दरवाज्याच्या चौकटीवरची काळी अक्षरं खालपासून वरपर्यंत सारखीच दिसतात, पण ती सारखी नाहीत. वर जाताना ती मोठी करत नेली आहेत, म्हणून खालून एकसारखी दिसतात. माझ्या एका गटातल्या सातवीतल्या मुलानं हे ऐकून वहीच्या पानावर फूटपट्टीनं आखून बघितलं होतं, पुढच्या प्रवासभर.

फत्तेपूर सिक्री सोडा. सुंदर आहे, पण बुलंद दरवाज्याच्या पायऱ्या आणि तळपता दगड, तुमच्या घरासाठी नाही. गुरुवारी दुपारी जेवून दिल्लीकडे निघा. सात माणसांना ट्रेन, मग रिक्षा, मग सामान, यापेक्षा बारा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर बरी पडते. यमुना एक्सप्रेसवेनं चार तास धरा.

दिल्लीत खोली घेताना हॉटेलचे फोटो बघू नका, नकाशा बघा. मेट्रो स्टेशन पायी पाच मिनिटांवर हवं आणि हॉटेलला लिफ्ट हवी. फोनवर असं विचारा: "लिफ्ट पहिल्या मजल्यापासून आहे की तळमजल्यापासून?" हसू नका, मी फसले आहे. मेट्रो तिथं २००२ पासून आहे आणि म्हाताऱ्या माणसांना बसपेक्षा खूप सोयीची. स्टेशनात लिफ्ट असते, पहिला डबा बायकांचा. फक्त सकाळी नऊ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ तिच्या वाटेला जाऊ नका. राजीव चौकात गाडी बदलायची असेल तर मुलाचा हात धरून चालत नाही, मनगट धरावं लागतं. नवी दिल्ली स्टेशनाबाहेर कोणी म्हणालं, "तुमची गाडी रद्द झाली, चला ऑफिसात दाखवतो," तर थांबूच नका. असली ऑफिसं कुठल्या तरी बोळात असतात.

शुक्रवारी सकाळी लाल किल्ला. १६३९ ते १६४८, शाहजहानचंच काम. आत जागा सपाट आहे पण लांबच लांब. छत्ता चौकाच्या बाजारातून जाताना मुलांना बांगड्या, खेळणी दिसतात, तिथं वीस मिनिटं जाणार हे धरूनच चला. दिवाण-ए-आम भरभर करा. वेळ द्यायचा तो दिवाण-ए-खासला.

हा पांढऱ्या संगमरवराचा खुला मंडप आहे. त्याचं छत चांदीचं होतं. १७६० च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, पुण्याहून पैसा येत नव्हता, फौजेचे पगार थकलेले. भाऊंनी ते छत उतरवलं आणि वितळवून नाणी पाडली. पाच महिन्यांनी पानिपत. मी हे मराठी लोकांना सांगते तेव्हा दरवेळी तोच प्रसंग घडतो. सगळे मान वर करतात. एकदा वाईचे एक निवृत्त शिक्षक बराच वेळ वर बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "म्हणजे हे आपण काढलं?" हो, आपणच. इतिहासात आपण नुसते अन्याय सोसणारेच नव्हतो. मग त्यांना पुढचं सांगितलं: याच किल्ल्यात १७८८ साली गुलाम कादिरनं बादशहा शाहआलमचे डोळे काढले, तेव्हा त्या आंधळ्या म्हाताऱ्याला सोडवायला आलेली फौज महादजी शिंद्यांची होती. त्यानंतर १८०३ पर्यंत, म्हणजे इंग्रजांनी पटपडगंजच्या लढाईत शिंद्यांच्या फौजेला हरवेपर्यंत, दिल्लीवर मराठ्यांचाच अंमल होता. शाळेत दिल्ली मोगलांची आणि मग थेट इंग्रजांची होते. मधली ही वर्षं कुठं जातात कोण जाणे.

इंग्रजांनी आत बांधलेल्या बराकीत आता संग्रहालयं आहेत. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचे खटले १९४५ मध्ये याच किल्ल्यात सुरू झाले, म्हणून नेताजींचं संग्रहालय बघण्यासारखं. सासऱ्यांना तिथं बसायला मिळेल. चांदणी चौक मात्र दोन तुकड्यांत करा. नणंद आणि मुलगी सायकल रिक्षानं पराठेवाली गल्ली करून येऊ देत, बाकीचे खोलीवर. हिवाळा पुरता गेला नसेल तर दौलत की चाट मिळते: दुधाचा फेस, वर केशर-पिस्ता, जिभेवर ठेवला की काही उरत नाही. मुलाला हवेची मिठाई म्हणून सांगा.

शनिवारी राष्ट्रपती भवन आणि कर्तव्यपथ. आत जायला आधी ऑनलाइन नोंदणी लागते, मूळ ओळखपत्रं जवळ ठेवा, झेरॉक्स नको. ३४० खोल्यांचं हे घर लुटियन्स या इंग्रज वास्तुकाराचं आणि दोन्ही बाजूंची सचिवालयं हर्बर्ट बेकरची. राजधानी कलकत्त्याहून हलवायची घोषणा १९११ मध्ये झाली, उद्घाटन १९३१ मध्ये. ही सगळी माहिती मुलांच्या एका कानातून आत, दुसऱ्यातून बाहेर. पण त्यांना विजय चौकाच्या बरंच मागे, कर्तव्यपथावर उभं करा. राष्ट्रपती भवनाचा घुमट नीट दिसतो. आता त्यांना घुमटाकडे बघतच विजय चौकाकडे चालायला सांगा. जसजसं जवळ जाल तसतसा तो घुमट खाली बुडत जातो. जवळ गेल्यावर वस्तू मोठी दिसायला हवी, इथं ती लपते. चढाचा उतार चुकला म्हणून. लुटियन्स आणि बेकर यांचं यावरून कायमचं फाटलं. पहिलीतली पोरं हे चार-चार वेळा पुढे-मागे करून बघतात आणि खदखदून हसतात. तेवढ्यात आजीला बसायला हिरवळ आहेच.

संध्याकाळी इंडिया गेट आणि त्याच्या मागचं राष्ट्रीय युद्ध स्मारक. इंडिया गेट ४२ मीटर उंच, पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात इंग्रजांच्या फौजेतून लढून मेलेल्यांसाठी. स्मारक २०१९ चं, स्वतंत्र भारताच्या सैनिकांसाठी. एकात एक चार वर्तुळं, ग्रॅनाइटच्या विटा, प्रत्येक विटेवर एक नाव, गाव नाही, रेजिमेंट आहे. २५ हजारांहून जास्त नावं. परमवीरचक्राच्या २१ मानकऱ्यांचे अर्धपुतळे शेजारच्या बागेत आहेत. त्यात राम राघोबा राणे शोधा, १९४८ साली राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग काढत रणगाड्यांना रस्ता करून देणारे. संध्याकाळी कुणा एका शहिदाच्या घरचे येऊन पुष्पचक्र वाहतात. मी पाहिलेल्या सगळ्या गर्दीत ही एकच गर्दी अशी की जी सांगितल्याशिवाय शांत होते. सगळीकडे सपाट, तिकीट नाही.

रविवारी, मुलाचा दिवस. चाणक्यपुरीतलं रेल्वे संग्रहालय. जुनी वाफेची इंजिनं, पटियाळा संस्थानाची एका रुळावर चालणारी गाडी, आणि खरोखर बसता येणारी छोटी आगगाडी. तुम्हाला वाटेल, इतक्या लांब येऊन हे? पण तोपर्यंत त्यानं चार दिवस मोठ्यांच्या कबरी आणि किल्ले सोसलेले असतात. त्याचं देणं आहे ते.

राष्ट्रीय संग्रहालय पूर्ण करायला जाऊ नका. सिंधू संस्कृतीचं दालन तेवढं बघा. मोहेंजोदडोची नर्तिका मुलीनं पुस्तकात पाहिलेली असते आणि तिला ती पुतळ्याएवढी वाटते. ती १०.५ सेंटिमीटरची आहे, तुमच्या फोनपेक्षाही लहान. पोरं आधी काचेसमोरून पुढे निघून जातात आणि मग परत येतात.

सोमवारी दोन पर्याय आहेत, आणि हा निर्णय सासऱ्यांवर सोडा. सोपा पर्याय म्हणजे कुतुबमिनार आणि हुमायूनची कबर. कुतुब ७२.५ मीटर, आत चढता येत नाही. १९८१ मध्ये आतल्या जिन्यात चेंगराचेंगरी होऊन ४५ जण गेले, त्यांत शाळेची मुलं जास्त. तेव्हापासून दार बंद. आवार सपाट आहे, व्हीलचेअर सगळीकडे जाते. लोहस्तंभ दीड हजार वर्षांपूर्वीचा, चंद्रगुप्त दुसरा याच्या काळातला, न गंजलेला. लोखंडातल्या फॉस्फरसमुळे वर एक पातळ थर धरला आहे. हुमायूनच्या कबरीच्या चौथऱ्याच्या पायऱ्या फार उंच आहेत, तिथं सासूबाईंना खालीच बागेत बसवा. १८५७ च्या सप्टेंबरमध्ये शेवटचा बादशहा बहादूरशाह जफर इथंच इंग्रजांच्या हाती लागला.

दुसरा पर्याय पानिपत. दिल्लीहून साधारण ९० किलोमीटर, गाडीनं सकाळी जाऊन दुपारी परत. लढाईच्या जागी, काला अंबला, बघण्यासारखं काय आहे? फारसं काही नाही. एक स्तंभ, एक बाग, आजूबाजूला शेतं. मी तिथं नेलेल्या माणसांपैकी निम्मे गाडीतून उतरताना विचारतात, "एवढंच?" आणि परत गाडीत बसताना कोणी बोलत नाही. पण ज्यांनी लहानपणी १४ जानेवारी १७६१ ची गोष्ट आजोबांच्या तोंडून ऐकली, त्यांना तिथं जायचंच असतं. तुमचे सासरे त्यातले असतील तर कुतुब गेला खड्ड्यात. एक इशारा: संक्रांतीच्या सुमारास तिथं महाराष्ट्रातून खूप लोक येतात, पण तुमच्या फेब्रुवारीत शांतता असेल. त्या रात्री कर्नाटक एक्सप्रेसनं निघायचं, दुसऱ्या दिवशी रात्री सोलापूर.

जेवणाचं फार टेन्शन घेऊ नका. अशोक रोडवरच्या आंध्र भवनाच्या कॅन्टीनमध्ये बाहेरच्यांनाही ताट मिळतं, तिखट असतं, पण सोलापूरकरांना तिखटाचं काय सांगायचं. शेंगाचटणी आणि कडक भाकरी तुम्ही नेणारच, फक्त डबा वरच्या पिशवीत ठेवा. गाडीत भोपाळच्या अलीकडे सगळा डबा तोच मागतो.

आता सासूबाई. रविवारी संध्याकाळी मी सगळ्यांना बंगला साहिब गुरुद्वाऱ्यात नेते, कॅनॉट प्लेसजवळ. ही जागा एके काळी मिर्झाराजा जयसिंगाचा बंगला होता. होय, तोच, पुरंदरचा तह करणारा, ज्याच्या भरवशावर महाराज आग्र्याला गेले. त्याच्या आधी दोन वर्षं, १६६४ मध्ये, शिखांचे आठवे गुरू हरकृष्ण इथं उतरले होते. मुलं डोक्याला रुमाल बांधून सरोवरातले मासे बघतात. नंतर लंगर: रांगेत बसायचं, रोटी दोन्ही हात पसरून घ्यायची, एका हातानं ओढून घ्यायची नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या गटात बार्शीच्या एक आजी होत्या. चार दिवस त्या प्रत्येक ठिकाणी बाकावर. कुतुबला बाकावर, ताजला बाकावर. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "मी उगाच आले, तुमच्या पायातली बेडी झाले." लंगरच्या स्वयंपाकघरात बायका ओळीनं बसून रोट्या लाटत होत्या, कोणीही जाऊन बसावं. आजी दारात थांबल्या. एका सेवादारानं त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि न विचारता स्टूल आणून ठेवलं. पहिली रोटी त्यांनी भाकरीसारखी थापायला घेतली, शेजारची सरदारीण हसली, लाटणं हातात दिलं. मग काय, आजींनी तासभर लाटलं. आम्ही सगळे जेवून, सरोवराला फेरी मारून परत आलो तरी त्या उठायला तयार नाहीत. शेजारणीला मराठी येत नव्हतं, आजींना पंजाबी येत नव्हतं, आणि दोघींचं काहीतरी फार महत्त्वाचं बोलणं चाललं होतं. बाहेर आल्यावर कोपरापर्यंत पीठ. नातवानं विचारलं, "आजी, दमलीस?" तर म्हणाल्या, "पीठ जरा सैल होतं त्यांचं."

तेव्हा सासूबाईंना सांगा, घराला कुलूप लागतं. त्यांचं तिकीट आधी काढा, लोअर बर्थचं.